केडगावची श्रीमंती
परवा सोलापूरकडे जाताना गाडीत समोरच्या आजी डबा उघडून डोळे मिटून प्रार्थना करत होत्या. डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी. आभार मात्र पंचपक्वान्नांचे मानावेत इतके सावकाश. तेवढ्यात केडगाव आलं आणि तिथे ‘मुक्ती’ आश्रम उभारणाऱ्या पंडिता रमाबाई आठवल्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण नेली. अशा बाईने देवाशी अबोला धरला असता तर कोण बोललं असतं? पण १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. ‘मुक्ती’त शेकडो तोंडं खाणारी, आणि उद्याची तजवीज बरेचदा फक्त प्रार्थनेत. देवावर भार टाकणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं म्हणणाऱ्यांना मी केडगावच्या विहिरी दाखवीन. रमाबाईंनी त्या खणून घेतल्या, शेती केली, मुलींच्या हाती छापखाना दिला. समाधान हे पोट भरलेल्यांचं सुख नव्हेच. बायबलमधल्या पत्रात फिलिप्पैकरांना तृप्तीबद्दल लिहिणारा प्रेषित पौलही तेव्हा कैदेत होता. विश्वासाने मिळणारं समाधान माणसाला कामाला लावतं, कारण उद्याची धास्ती वाहण्यात जाणारं बळ मोकळं होतं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून चाललेल्या बायबलच्या मराठी भाषांतराला बसतच राहिल्या.