विश्लेषण : दवाखान्यात सर्व्हर बसवण्याआधी डॉक्टरांनी काय विचारावे?

नवा दवाखाना थाटताना फॉल्स सीलिंगपासून पाटीपर्यंत प्रत्येक खर्चाचा हिशेब बारकाईने होतो. संगणकांचे काम मात्र ‘तेवढे बघून घ्या’ म्हणत ओळखीच्या विक्रेत्यावर सोपवले जाते. तो एक सर्व्हर, एक राउटर बसवून जातो. प्रत्यक्षात रुग्णांची माहिती किती सुरक्षित राहील, हे सर्व्हर किती महागडा आहे यापेक्षा नेटवर्कची विभागणी आणि बॅकअप यांवर अधिक ठरते. लहान दवाखान्यांनी पैसा आधी तिथे घालायला हवा…

‘एम्स’मध्ये काय घडले होते?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर रॅन्समवेअर हल्ला झाला. अशा हल्ल्यात फायली कुलूपबंद केल्या जातात आणि त्या उघडून देण्यासाठी खंडणी मागितली जाते. नोंदणी, तपासणी अहवाल, बिले ही कामे पुढे जवळपास दोन आठवडे हाताने करावी लागली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि याचे कारण होते नेटवर्कची सदोष विभागणी. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे.

लहान दवाखान्याला धोका आहे का?

‘आपल्याकडे कोण येणार?’ हा युक्तिवाद फसवा आहे. २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना वेठीस धरले, तेव्हा ते एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत होते. असे सॉफ्टवेअर दवाखान्याची पाटी वाचत नाही, उघडे दार शोधते.

विभागणी म्हणजे नेमके काय?

अनेक ठिकाणी रिसेप्शनचा संगणक, एक्स-रे यंत्र, सीसीटीव्ही आणि रुग्णांसाठीचे मोफत वायफाय एकाच राउटरवर असते. म्हणजे प्रतीक्षा कक्षातील अनोळखी मोबाइल आणि रुग्णांच्या फायली एकाच जाळ्यात. मॅनेज्ड स्विच आणि फायरवॉल वापरून यांचे चार कप्पे करता येतात : कामकाज, वैद्यकीय यंत्रे, कॅमेरे आणि पाहुणे. यंत्रांचा कप्पा विशेष महत्त्वाचा. एक्स-रे, सोनोग्राफीचे संगणक वर्षानुवर्षे जुन्याच विंडोजवर चालतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यंत्र बदलणे परवडत नसेल, तर निदान ते इंटरनेटपासून तोडून ठेवावे.

सर्व्हर हवाच का?

दरवेळी नाही. फक्त तपासणी आणि औषधचिठ्ठ्या असलेल्या दोन डॉक्टरांच्या दवाखान्याला क्लाउडवरील सॉफ्टवेअर पुरते. करार करताना एकच अट लेखी घ्यावी : सेवा सोडताना सगळी माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल. एक्स-रे असेल तर गणित बदलते. एक प्रतिमा २० एमबीची धरली आणि रोज ३० काढल्या, तर ३०० दिवसांत १८० जीबी होतात. इंटरनेट बंद असतानाही त्या दिसायला हव्यात, म्हणून जागेवर छोटा सर्व्हर उपयोगी. पण पाच वर्षांत १ टीबीही न भरणाऱ्या दवाखान्याला कपाटभर यंत्रणा विकली जात असेल, तर प्रश्न विचारलाच पाहिजे.

बॅकअप कुठे फसतो?

सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे, हा सर्वात मोठा गैरसमज. डिस्क बिघडली तर दुसरी कामी येते. फायली कुलूपबंद झाल्या तर दोन्हींवर एकदमच होतात. सतत जोडून ठेवलेल्या पोर्टेबल ड्राइव्हचेही तेच. जुना नियम आजही चांगला : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दवाखान्याबाहेर. शिवाय दर तीन महिन्यांनी एखादी जुनी फाइल बॅकअपमधून परत काढून पाहावी. त्याशिवाय बॅकअप चालतो की नाही, हे संकट आल्यावरच कळते.

वीज गेली तर?

यूपीएस बहुधा सर्व्हरला असतो. स्विच, राउटर आणि फायबरचा डबा विसरला जातो. मग दिवे गेल्यावर सर्व्हर चालू राहतो, पण त्याच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही. दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड असलेला राउटर हाताशी असावा. सर्व्हर बेसिनजवळ किंवा ऑटोक्लेव्हच्या खोलीत नको; बंद होणारे, हवा खेळती असलेले कपाट हवे.

कायदा काय सांगतो?

वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास कमाल दंड २५० कोटी रुपये आहे. प्रत्येक दवाखान्याला एवढा दंड होईल असे नव्हे. पण ‘संगणकवाल्याने केले’ म्हणून जबाबदारी टळणार नाही.

मग सुरुवात कुठून?

कोटेशनवर सही करण्याआधी विक्रेत्याकडून एका कागदावर नकाशा मागावा : कोणते यंत्र कोणत्या कप्प्यात, पासवर्ड कोणाकडे, बॅकअप कुठे, बंद पडल्यास किती तासांत सुरू होणार. केबलची जागाही तेव्हाच ठरवावी, छत बंद झाल्यावर नव्हे. मधुमेहाच्या रुग्णाचे दहा वर्षांचे अहवाल एका रात्रीत गेले, तर ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. ते जपणे हा उपचाराचाच भाग आहे.