दुखणे नेमके कोठे?

व्यापारी घरातील मुलाला गोदामातील कोणता माल कोणत्या फळीवर आहे, हे तोंडपाठ असते. त्याच मुलाला जठर कोठे आहे असे विचारले, तर हात बहुधा बेंबीवर जातो. वास्तविक जठर बेंबीच्या बरेच वर, डाव्या फासळ्यांच्या आडोशाला असते. यकृत उजव्या फासळ्यांखाली, तर मूत्रपिंडे पाठीच्या बाजूस, कण्याच्या दोन्ही अंगांना असतात. नववी-दहावीचे विद्यार्थी 'पेशी, ऊती, अवयव, संस्था' हा क्रम बिनचूक लिहितात, आकृतीला नावेही देतात. मात्र ती आकृती आपल्याच देहाची आहे, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

जठराचेच उदाहरण घेतले, तर हा क्रम सहज उलगडतो. आतील अस्तराच्या पेशी पाचकरस स्रवतात, स्नायूंची भिंत अन्न घुसळते, चेता तिच्या हालचालींचे नियमन करतात. निरनिराळ्या ऊती एका कार्यासाठी एकत्र आल्या की अवयव होतो; जठर, आतडी, यकृत मिळून पचनसंस्था होते.

या ज्ञानाचे मोल आजारपणात कळते. अपेंडिक्सची सूज शाळकरी आणि तरुण वयात अधिक आढळते. तिची वेदना पुष्कळदा प्रथम बेंबीभोवती जाणवते, कारण त्या दोन्ही भागांच्या संवेदना मज्जारज्जूत एकाच पातळीवर पोहोचतात. काही तासांनी सूज पोटाच्या आतील आवरणाला भिडली की दुखणे उजवीकडे खाली स्थिरावते. मुलाने नुसते 'पोट दुखते' म्हटले, तर ओवा आणि काळे मीठ देऊन रात्र काढली जाते. 'आधी मध्ये दुखत होते, आता उजवीकडे खाली सरकले,' असे त्याने सांगितले, तर वडीलधारी मंडळी वेळेवर डॉक्टर गाठतात. विलंब झाल्यास अपेंडिक्स फुटून जिवावर बेतू शकते. मुलींना तर ओटीपोटाचे दुखणे सांगण्याचाही संकोच वाटतो. योग्य शब्द ठाऊक असले, तर तो कमी होतो.

वर्गात हे शिकविण्यास कोणत्याही जीवाला इजा करावी लागत नाही. मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजावी, फासळ्यांवर हात ठेवून श्वास अनुभवावा, प्रत्येक अवयवाची जागा स्वतःच्या अंगावर दाखवावी. गुणपत्रिका बारकाईने पाहणाऱ्या पालकांनीही एखाद्या संध्याकाळी पुस्तक मिटवून मुलांना एवढेच विचारावे: 'हे तुझ्या शरीरात कोठे आहे, दाखव बरे!'