वेगळा कप

परवा अमडापूरला गेलो होतो. चिखली-खामगाव रस्त्यावरचे हे माझे गाव. बँकेच्या नोकरीने मला बत्तीस वर्षे गावोगाव फिरवले. पण डिसेंबरात तुरी पिवळ्या होऊ लागल्या की मन इकडे ओढ घेते. एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर चार जुने मित्र जमले. नाताळ तोंडावर होता, म्हणून बोलणे तिकडे वळले. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले, "ते लोक आमचा प्रेमाचा धर्म म्हणतात. तू पुस्तकं लिहितोस, सांग बरं, वागतात का तसे?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मात्र परतीच्या प्रवासात तो प्रश्न माझ्यासोबत गाडीत बसून आला. त्याचे कारण ख्रिस्ती लोक नव्हते. कारण होते आमच्या घरातला एक कान तुटलेला कप.

1967 सालची गोष्ट असेल. धाकट्या बहिणीच्या वेळी आईला रात्री कळा सुरू झाल्या. पावसाने नाल्याला पूर आलेला, चिखलीला न्यायची सोय नाही. वडील दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलवायला गेले. या बाई मिशनच्या इस्पितळात शिकून पुढे जिल्हा परिषदेच्या नोकरीत आलेल्या. साऱ्या गावाच्या त्या सिस्टरबाई. हातात कंदील, गुडघ्यापर्यंत चिखल, अशा त्या आल्या आणि पहाटेपर्यंत आईपाशी बसल्या. बाळ अडलेले होते. त्या नसत्या तर आई आणि बहीण दोघीही गेल्या असत्या, असे आजी पुढे जन्मभर सांगत असे.

उजाडल्यावर चहा झाला. आजी काकूला हळूच म्हणाली, "तो वेगळा कप काढ वं." फडताळाच्या खालच्या खणात तो कान तुटलेला कप असे. सिस्टरबाईंचे आजोबा ख्रिस्ती होण्याआधी कोणत्या वस्तीत राहत होते, हे गाव विसरले नव्हते. बाईंनी चहा घेतला, मोरीपाशी जाऊन कप स्वतः विसळला, पालथा घातला आणि "बाळंतिणीला जपा" म्हणून निघून गेल्या. दोन वर्षांनी आमच्या काकूच्या वेळीही त्याच आल्या. कपही तोच होता.

म्हणून गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर देताना मला जरा जपून बोलावे लागते. बँकेत दुसऱ्या शाखेची तपासणी करायला जाणाऱ्याने आपल्या शाखेचा ताळेबंद आठवावा, असे आमचे एक वरिष्ठ म्हणत. तो आठवूनच पुढचे लिहितो आहे.

जमेची बाजू आधी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात अकोला, खामगाव, बुलढाणा अशा गावी मिशनऱ्यांनी ठाणी मांडली. त्यांनी उपदेश केला, तसा दुष्काळात माणसांना आधारही दिला. त्याच काळात पंडिता रमाबाई आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतात आल्या. 1896-97च्या दुष्काळात तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका पुण्याकडे नेल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे केले. रमाबाईंचे आईवडील 1874 साली उपासमारीने गेले होते. भूक काय असते ते त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

अलीकडचे उदाहरण जामखेडचे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे 1970 साली जामखेडला आले. त्यांनी खेड्यातल्या अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले, त्यात दलित बायकाही होत्या. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यांच्या कूपनलिका जास्त महत्त्वाच्या वाटतात. दुष्काळात पाणी शोधताना त्यांनी शक्य तिथे दलित वस्तीतच जागा निवडली. पाणी हवे असेल तर साऱ्या गावाने त्या वस्तीत यावे! औषध वाटणारे पुष्कळ असतात. ज्याला आपण दारात उभे करीत नाही त्याच्या दारात आपल्याला घागर घेऊन जायला लावणारे विरळा.

आणि प्रेमाची सगळ्यात अवघड शिकवण शत्रूला क्षमा करण्याची. ओडिशात कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना 1999च्या जानेवारीत जमावाने गाडीत जिवंत जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि कुष्ठरोग्यांचे काम पुढेही काही वर्षे चालवले. मी स्वतःला त्यांच्या जागी ठेवून पाहतो आणि गप्प बसतो.

आता नावेची बाजू. रमाबाई इंग्लंडमध्ये असताना त्यांनी इंग्रज पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विषय निघाला, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी त्यांच्या वडीलधाऱ्यांना पत्रे लिहून ठणकावून उत्तर दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये बावीस वर्षे राबले आणि 1917 साली पगार सोडून बाहेर पडले. त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. परक्या पैशांवर आणि परक्यांच्या हुकमावर इथली मंडळी चालू नये, हा त्यांचा आग्रह होता. अनाथाला जवळ घेणारे हात बरोबरीच्या माणसाला खुर्ची देताना मागे येतात, असे या दोन्ही गोष्टींत दिसते.

जातीचेही तेच झाले. गोव्यात चर्चच्या कित्येक 'कोंफ्रारी' म्हणजे मानाच्या मंडळ्या पिढ्यान् पिढ्या वरच्या जातींसाठी राखून ठेवलेल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना मिशनच्या शिक्षणाचे आणि वैद्यकीय सेवेचे मोल मान्य केले, पण धर्म बदलला तरी जात सुटली नाही हेही स्पष्ट मांडले. कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने 2016 साली दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना आपल्या चर्चमध्ये भेदभाव असल्याची कबुली दिली. ती उशिरा आली, पण आली. स्वतःच्या वहीतली थकबाकी स्वतः लिहून काढणारी संस्था निदान दिवाळखोर नसते.

हे मला पहिल्यांदा कळले ते सिस्टरबाईंकडून. 1990च्या दशकात मी जिल्ह्यातल्याच एका शाखेत अधिकारी होतो. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात, त्या रांगेत त्या दिसल्या. मी त्यांना आत बोलावले, ओळख दिली, बहिणीची मुले कोणत्या वर्गात आहेत ते सांगितले. त्यांना फार आनंद झाला. त्यांच्या मुलाच्या लग्नाचे विचारले तेव्हा मात्र चेहरा उतरला. जमत आलेली सोयरीक मोडली होती. मुलगी ख्रिस्ती घरातलीच, पण तिच्या घरच्यांनी आडून आडून जुनी जात विचारली होती.

"तीन पिढ्या झाल्या बाप्तिस्मा होऊन, साहेब. पण आजोबाची जात अजून विचारतात," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "तुमच्या घरी कप वेगळा होता, आमच्या देवळात सोयरीक वेगळी."

तो कप त्यांना आठवत होता! मला वाटले होते, ते फक्त मलाच माहीत आहे.

इतकेच नव्हे. अनुसूचित जातीच्या सवलती 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यांच्या समाजाला नाकारलेल्या, कारण हिंदू धर्मातली जात ख्रिस्ती झाल्यावर उरत नाही, असे धरलेले. सरकार म्हणते तुम्हाला जात नाही, सोयरे म्हणतात आहे. माणसाने जावे कुठे?

येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. वाटेत लुटलेल्या, अर्धमेल्या माणसाला पाहून धर्मगुरू बाजूने निघून जातो. ऐकणारे ज्यांना हलके समजत त्या शोमरोनी जमातीचा एक प्रवासी मात्र थांबतो, त्याला धर्मशाळेत नेतो, पैसे देतो आणि आणखी खर्च झाला तर परत येताना देईन म्हणून सांगतो. बँकवाल्याच्या भाषेत ही बिनतारणी, बिनमर्यादेची हमी झाली. मला या गोष्टीतले मोठेपण असे वाटते की सांगणाऱ्याने पैकीच्या पैकी गुण आपल्या मंडळींना दिले नाहीत. ते बाहेरच्याला दिले. प्रेम ही कोणत्याही धर्माच्या नावावरची ठेव नाही, हे ख्रिस्ती शास्त्रानेच लिहून ठेवले आहे.

तेव्हा गुरुजी, उत्तर असे. वागतात, आणि वागतही नाहीत. देताना ते पुष्कळदा आपल्या पुढे गेले. शेजारी बसवताना पुष्कळदा आपल्यासारखेच निघाले. खरे तर हा दोष त्यांनी आपल्याच अंगणातून बरोबर नेला. त्यामुळे त्यांना विचारण्याआधी आपल्या फडताळाचा खालचा खण उघडून पाहावा.

त्या दिवशी बँकेत शिपायाने आम्हा दोघांना सारख्याच कपात चहा आणला. मला मनातून बरे वाटले, जुने काहीतरी फिटल्यासारखे. चहा झाला. सिस्टरबाई बोलता बोलता उठल्या, आपला कप उचलला आणि सवयीने कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी "राहू द्या, बाई" असे खुर्चीतूनच म्हणालो. उठलो नाही. समोर दोन व्हाउचर पडले होते, त्यांवर सही करीत राहिलो.

पुढच्या नोव्हेंबरात त्यांचा दाखला आला नाही.