फी माफ, गुडघा साफ

परीक्षा संपतात आणि बीड बायपासपासून सिडकोपर्यंत शाळांचे फ्लेक्स लागतात. दहावीच्या टॉपरचे फोटो, स्विमिंग पूलचा फोटो, आणि खाली पिवळ्या पट्टीत एक ओळ: राज्य आणि राष्ट्रीय खेळाडूंना 100 टक्के स्कॉलरशिप. अलीकडे त्या पट्टीत अंडाकृती चेंडू घेऊन पळणारा मुलगाही दिसतो. रग्बी. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, जिथे निम्म्या लोकांना तो अमेरिकन फुटबॉल वाटतो.

माझं म्हणणं सरळ आहे. खासगी शाळा जे देतात ती शिष्यवृत्ती नाही, ती खरेदी आहे. आणि भाव पाडून केलेली खरेदी आहे.

शिष्यवृत्ती म्हणजे मुलाच्या पुढच्या वाटचालीवर लावलेला पैसा. इथे काय होतं? जिल्हा परिषदेच्या किंवा साध्या अनुदानित शाळेतला एखादा सर स्वतःच्या खिशातून केळी-अंडी आणून चार वर्षं पोरं घडवतो. पोरगं राज्य पातळीवर पोचतं. मग खासगी शाळेचा फोन येतो. पुढच्या वर्षी तेच पोरगं नव्या जर्सीत, त्याच वेगाने पळतं, आणि फ्लेक्सवर नाव लागतं शाळेचं. सराचं कुठेच नाही.

शाळेला याचा खर्च किती? वर्गात बाक आहेत, शिक्षक आहेत, एक मूल वाढल्याने पगारपत्रक बदलत नाही. माफ होते ती फक्त ट्यूशन फी. बस, गणवेश, शाळेच्याच दुकानातून घ्यायची पुस्तकं, ॲक्टिव्हिटी फी, बूट, स्पर्धेला जायचं रेल्वेभाडं हे सगळं बापाकडे. बाप वाळूजमध्ये कंत्राटी कामगार. ‘100 टक्के’ या शब्दाचा अर्थ त्याला पहिल्या महिन्यातच कळतो.

रग्बीच का, हेही बघा. सेव्हन्स प्रकारात सात-सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. 2016 च्या रिओपासून ऑलिम्पिकमध्ये आहे, त्यामुळे प्रतिष्ठा आहे. आणि आपल्याकडे संघ कमी. क्रिकेटमध्ये जिल्ह्याच्या संघात यायला घाम निघतो, इथे मोजके सामने जिंकले की राज्य पातळी. राज्य पातळीचं प्रमाणपत्र म्हणजे दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांची आशा, आणि पुढे सरकारी भरतीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाची. शाळेला कमी गुंतवणुकीत ट्रॉफी, पालकांना कागद. खेळ राहिला बाजूला.

खेळावर माझा राग नाही, उलट तो आपल्या पोरांचाच खेळ आहे. कबड्डीत पकड करणाऱ्या मुलाला टॅकल शिकवायला फार दिवस लागत नाहीत. जून 2025 मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, ती अनेक पोरांनी मोबाइलवर पाहिली आणि मैदानात येऊन तसंच करायला लागली. पण मैदान कसलं? मुरमाचं. या खेळात माणूस जमिनीवर पडणारच. गवत नसलेल्या जमिनीवर टॅकल शिकवणारी शाळा मुलाच्या हाडांवर जुगार खेळत असते. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचं, हा वर्ल्ड रग्बीचा नियम. आपल्याकडे पाण्याचा हबका मारून परत पाठवतात.

मी अशा एका मुलीचं स्कॉलरशिपचं पत्र वाचलं आहे. शाळेचं नाव इथे घेत नाही, तसं पत्र इतरांकडेही असेल. एक पान. वर लोगो, खाली शिक्का, मध्ये एक वाक्य: कामगिरी समाधानकारक नसल्यास सवलत रद्द करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील. समाधान कोणाचं, मोजायचं कसं, दुखापत झाली तर काय, याबद्दल अक्षर नाही. नववीत तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, शाळेच्याच जर्सीत. ऑपरेशनचा खर्च घरच्यांनी केला. पुढच्या सत्रात पूर्ण फीची नोटीस आली. दुसरीकडे जायचं म्हटलं तर बाकी भरल्याशिवाय दाखला नाही. पंधरा वर्षांची मुलगी, कुबडी घेऊन ऑफिसबाहेर उभी, आणि आत भिंतीवर तिचाच फोटो.

यात नववी हा शब्द महत्त्वाचा आहे. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत मुलाला धरून ठेवतो. त्याच कायद्यात खासगी विनाअनुदानित शाळांना 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. स्कॉलरशिपची पळवापळवी नेमकी आठवी-नववीला सुरू होते, कायद्याचं छत्र संपतं तिथे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या 25 टक्क्यांतून सूट दिली होती. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. सरकार प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर देत नाही ही शाळांची तक्रार खरी आहे, ती मान्य. पण हक्काने येणारं गरीब मूल ओझं वाटतं आणि पदक घेऊन येणारं गरीब मूल चालतं, याला दानत म्हणू नका.

यावर ठरलेलं उत्तर येतं: काहीच नसण्यापेक्षा बरं ना? सिया कोलिसी बघा. बघू या. दक्षिण आफ्रिकेच्या झ्विदे वस्तीतला हा मुलगा बाराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर ग्रे या नामांकित शाळेत गेला, आणि 2019 व 2023 असे दोन विश्वचषक त्याने कर्णधार म्हणून जिंकले. पण त्याला मिळालं काय? फक्त फी माफी नाही. राहणं, पोटभर जेवण आणि खेळायला चांगलं मैदान. शिवाय एक कोलिसी निघाला म्हणून झ्विदेतल्या बाकीच्या पोरांना मैदान मिळालं, असं झालेलं नाही. अपवादाच्या गोष्टीवर आख्खी व्यवस्था चालवायची खोड आपल्यालाही आहे. खाशाबा जाधवांना 1952 च्या हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, हे आपण सत्तर वर्षं कौतुकाने सांगतो. घर गहाण का ठेवावं लागलं, हे कोणी विचारत नाही.

उलट उदाहरण भुवनेश्वरचं. कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये आदिवासी मुलांना शिक्षण, राहणं, जेवण मोफत. तिथल्या मुलांनी 2007 मध्ये लंडनमधली 14 वर्षांखालील शालेय रग्बी स्पर्धा जिंकली. त्या संस्थेवर टीका करण्यासारखंही आहे, पण एक गोष्ट लक्षात घ्या: तिथे आधी शाळा मिळते, मग चेंडू. चेंडू सुटला म्हणून ताट काढून घेत नाहीत. आपल्या राज्यातही क्रीडा प्रबोधिनी आहेतच. पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे तिथूनच घडला.

म्हणजे सगळं सरकारवर सोडा, असं मी म्हणत नाही. कसं म्हणणार? गारखेड्यातल्या आपल्याच विभागीय क्रीडा संकुलात डिसेंबर 2024 मध्ये 21 कोटी 59 लाखांचा घोटाळा उघड झाला. आरोपी कोण, तर 13 हजार पगाराचा कंत्राटी कर्मचारी. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्या पैशातून बीएमडब्ल्यू आणि फ्लॅट घेतला गेला. सगळ्यांनी त्यावर मीम्स केले. मला तेव्हा फक्त गवत दिसत होतं, त्या पैशात शहरातल्या किती मैदानांवर लागलं असतं ते.

तेव्हा यंदा तुमच्या धाकट्या भावाला, बहिणीला असा फोन आला तर हुरळून जाऊ नका, आणि लगेच नाहीही म्हणू नका. करार मागा. बारावीपर्यंत सवलत लेखी हवी, खेळ सुटला तरी. शाळेच्या सरावात किंवा सामन्यात दुखापत झाली तर उपचाराचा खर्च शाळेचा, विम्यासकट. ‘100 टक्के’मध्ये बस आणि पुस्तकं येतात का, ते आकड्यात. पहिल्या शाळेचं आणि प्रशिक्षकाचं नाव प्रत्येक बातमीत. आणि अशा प्रत्येक कराराची प्रत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जमा व्हावी. जी शाळा स्पर्धेच्या प्रवेशिकेवर त्या कार्यालयाची सही घेते, तिला हे जड नाही.

काउंटरवरची मॅडम बहुतेक म्हणेल, आमच्याकडे असा फॉरमॅट नाही. मग कोरा कागद मागा आणि तिथेच उभं राहून लिहून द्या. सही करायला कोण बाहेर येतं, ते बघा.