नव्या गाडीची चकाकी

हौसेने घेतलेली स्पोर्ट्‌स कार दारात आली की घरातले सगळेच फडकी घेऊन तिच्याभोवती जमतात. पण हीच हौस रंगाच्या मुळावर येते. धुळीत बारीक वाळू असते. कोरडं फडकं फिरवलं की ती रंगावरच्या पारदर्शक थराला घासते आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसू लागतात. हा थर केसापेक्षाही पातळ असतो.

म्हणून आधी भरपूर पाणी मारा, तेही गाडी सावलीत आणि थंड असताना. चाकं प्रथम धुवा, त्यांचं फडकं वेगळं ठेवा. त्यांवरची काळी पूड ब्रेकची असते, तिच्यात लोखंडाचे कण असतात. मग कार शाम्पूने छतापासून खाली या. फडकं खळबळायला साध्या पाण्याची दुसरी बादली हवीच. कपड्यांचा साबण वापरू नका.

पॉलिश आणि मेण एक नव्हे. पॉलिशने थर झिजतो, मेणाने तो झाकला जातो. नव्या गाडीला सहसा मेणच पुरे.

सुगीत म्हैसूर भागात, टी. नरसीपूरजवळच्या सोसलेसारख्या गावी जाणार असाल तर आणखी एक काळजी घ्या. तिकडे मळणीसाठी पीक रस्त्यावर पसरतात. बुटक्या गाडीच्या पोटाला काड अडकतं आणि तापलेल्या सायलेन्सरमुळे पेटूही शकतं. अशा रस्त्यावरून गेल्यावर लगेच गाडी थांबवा, खाली वाकून पाहा. चकाकीचं नंतर बघता येईल.