न तुटलेल्या झाडांचे व्यापारी

ज्या काळात पृथ्वीच्या तापमानवाढीचा जाब प्रत्येक राष्ट्राला द्यावा लागत आहे, ज्या काळात विमान कंपन्यांपासून उंची कपड्यांच्या पेढ्यांपर्यंत प्रत्येक उद्योग आपल्या धुराचे प्रायश्चित्त पैसे मोजून उरकू पाहत आहे, आणि ज्या काळात त्या प्रायश्चित्तासाठी आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आशिया येथील अरण्ये तारण म्हणून मांडली जात आहेत, त्या काळात ही अरण्ये मुळात किती वेगाने तुटत होती, हा साधा प्रश्न प्रामाणिकपणे विचारण्याचे आणि त्याचे उत्तर मोजून काढण्याचे कष्ट, ज्यांच्यावर ती जबाबदारी होती, त्यांनी घेतले नाहीत. ज्याला आकडा हवा होता, त्यानेच तो ठरवला.

हा व्यवहार काय आहे, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. या बाजारात उभ्या झाडासाठी कार्बन क्रेडिट मिळत नाही. जे तुटले असते पण तुटले नाही, त्या झाडासाठी मिळते. एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून वाचलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. प्रकल्प नसता तर दरवर्षी किती हेक्टर जंगल नष्ट झाले असते याचा अंदाज आधी बांधायचा, त्याला ‘बेसलाइन’ म्हणायचे, प्रत्यक्ष झालेली तोड त्यातून वजा करायची आणि उरलेला फरक विकायचा. बेसलाइन जितकी भयंकर, तितका विक्रीचा माल अधिक. यातली गोम महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी लागली तर दुष्काळ आणि वर गेली तर सुकाळ, कागदावरच्या एका अंकाने साऱ्या गावाचे नशीब फिरत असे, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. परंतु तेथे निदान पैसेवारी लावणारा आणि मदत घेणारा एक नसे. येथे तो एकच होता.

झिम्बाब्वेच्या उत्तर भागात, करिबा जलाशयाच्या बाजूने पसरलेल्या सुमारे ७ लाख ८५ हजार हेक्टर वनप्रदेशावर २०११ साली उभा राहिलेला प्रकल्प या बाजारातील सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एक गणला गेला. झ्युरिक येथील साउथ पोल या कंपनीने त्याची क्रेडिट जगभर विकली, युरोपातल्या मोटार कारखान्यांनी व फॅशनच्या पेढ्यांनी ती घेतली, आणि ती दाखवून आपण ‘कार्बन-तटस्थ’ झाल्याचे ग्राहकांना सांगितले. या जंगलाचा प्रचंड विध्वंस होणार, असे भाकीत प्रकल्पाच्या कागदांत होते. प्रत्यक्षात शेजारच्या असंरक्षित प्रदेशातील तोड त्या भाकिताच्या जवळपासही गेली नाही. कंपनीच्याच विश्लेषकांना ही तफावत दिसली होती. तरी व्यापार चालू राहिला. २०२३ साली शोधपत्रकारांनी हे प्रकरण चव्हाट्यावर मांडले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीने प्रकल्पातून अंग काढून घेतले. क्रेडिट दाखवून सोडलेला धूर मात्र आकाशातच राहिला.

हा अपवाद होता, असे म्हणून कोणाला सुटता येणार नाही. थेल्स वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ऑगस्ट २०२३ मध्ये सहा देशांतील २६ प्रकल्पांची छाननी प्रसिद्ध केली. प्रकल्पाने काय भाकीत केले होते ते बाजूला ठेवून त्यांनी तशाच प्रकारच्या, पण संरक्षण नसलेल्या जंगलांत खरोखर काय घडले ते पाहिले. ज्या १८ प्रकल्पांची पुरेशी माहिती उपलब्ध होती, त्यांच्याकडून २०२० पर्यंत ८ कोटी ९० लाख क्रेडिट अपेक्षित होती. त्यांपैकी जेमतेम ५४ लाखांमागे वनहानीतील खरी घट सापडली. शेकडा सहा! ज्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर या बाजाराचा मोठा भाग चालतो, त्या अमेरिकेतील ‘व्हेरा’ने अशा अभ्यासांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. आक्षेप घेण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. पण आक्षेपांची शाई वाळते न वाळते तोच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, तिने स्वतःच बेसलाइन ठरवण्याचा अधिकार प्रकल्पचालकांच्या हातून काढून घेणारी नवी पद्धत जाहीर केली. जुनी व्यवस्था निर्दोष होती, तर ती बदलली कशाला?

दोष कोठे होता, हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. आपल्या जंगलाशी साम्य असलेला दुसरा प्रदेश निवडावा, तेथे गेल्या दहा-बारा वर्षांत झालेली तोड मोजावी आणि तीच गती आपल्या जंगलावर लादावी, अशी मोकळीक प्रकल्पचालकाला होती. साम्य कशात, हे ठरवणारा तोच. हमरस्त्याला लागून असलेला, नव्या वसाहतींनी पोखरलेला सपाट प्रदेश तुलनेसाठी घेतला, तर चढ-उतारांत दडलेले, वाटसुद्धा न पोचलेले अरण्यही कागदावर मरणासन्न दिसू लागते. त्यावर कडी अशी की आकडेमोडीच्या मान्यताप्राप्त पद्धती एकाहून अधिक होत्या आणि त्याच जंगलासाठी त्यांची उत्तरे एकमेकींपासून कोसभर दूर येत. त्यांतली कोणती वापरायची हेही चालकानेच ठरवावे. तपासनिसाचे शुल्क चालक देई, नोंदणी करणाऱ्या संस्थेला प्रत्येक क्रेडिटमागे शुल्क मिळे, विकत घेणाऱ्याला स्वस्त माल हवा असे, आणि खोट्या आकड्याने ज्यांचे नुकसान होणार, ते आकाश आणि ती न जन्मलेली पिढी, त्यांच्या बाजूने बोलणारा एकही मनुष्य त्या सौद्याला हजर नसे. असल्या व्यवस्थेतून सत्य बाहेर पडेल, अशी अपेक्षा करणे हाच अपराध होता.

नव्या पद्धतीत बेसलाइन एकेका प्रकल्पाची नसून संपूर्ण प्रांताची किंवा देशाची असेल. त्या प्रदेशातील तोडीची माहिती व्हेराने नेमलेल्या स्वतंत्र संस्था गोळा करतील, आणि कोणत्या भागाला धोका किती, हे दाखवणाऱ्या नकाशावरून प्रत्येक प्रकल्पाला त्याचा वाटा नेमून दिला जाईल. दिशा योग्य आहे. उशीर अक्षम्य आहे. हे काम किती कष्टाचे आहे, याची कल्पना वाचकांना असावी. प्रदेशभर नमुना-बिंदू टाकायचे, प्रत्येक बिंदूवर एका प्रशिक्षित माणसाने उपग्रहाच्या वर्षानुवर्षांच्या प्रतिमा पाहायच्या, आणि येथे जंगल होते का, ते कधी गेले, कायमचे गेले की फिरत्या शेतीनंतर पुन्हा वाढले, हे नोंदवायचे. पावसाळ्यात ढग आडवे येतात. उन्हाळ्यात पानगळीचे जंगल बोडके दिसते आणि अननुभवी डोळा त्याला तोड समजतो. विदर्भातला साग ज्याने मे महिन्यात पाहिला आहे, त्याला ही चूक किती सहज होते ते कळेल. एक माणूस चुकेल म्हणून तोच बिंदू दुसऱ्याने पाहायचा, दोघांत मतभेद झाला तर तिसऱ्याने, आणि शेवटी जो आकडा येईल त्याच्यासोबत तो किती चुकीचा असू शकतो हेही लिहायचे. या कामाला कीर्ती नाही, उद्‌घाटनाची फीत नाही. आणि कोट्यवधी डॉलरांचा बाजार याच कामावर उभा आहे.

म्हणूनच ही माहिती बंद कपाटात राहता कामा नये. कोणते बिंदू तपासले, कोणी तपासले, काय निष्कर्ष काढला, हे सारे कोणाही नागरिकाला पडताळता आले पाहिजे. साधने नाहीत, ही सबब आता चालणार नाही: लँडसॅट उपग्रहांची मालिका १९७२ पासून पृथ्वीची छायाचित्रे घेत आहे आणि तो सारा संग्रह २००८ पासून जगाला विनामूल्य खुला आहे. सत्य सापडत नव्हते असे नाही. ते कोणाला नको होते.

ते हवे असेल तर काय करता येते, हे ब्राझीलने दाखवले आहे. तेथील अंतराळ संशोधन संस्था, इन्पे, १९८८ पासून ॲमेझॉनच्या तोडीचे वार्षिक मोजमाप करते आणि ते जाहीर करते. २००४ साली तेथे २७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक अरण्य नष्ट झाले. हा आकडा लपवला गेला नाही, म्हणून त्याची लाज वाटू शकली, म्हणून शासन हलले, आणि २०१२ पर्यंत तो साडेचार हजारांच्या आसपास उतरला. २०१९ साली सत्तेवर आलेल्या बोल्सोनारो यांना तेच आकडे खुपू लागले. त्यांनी ते खोटे ठरवले. संस्थेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाव यांनी राष्ट्राध्यक्षांना जाहीर प्रत्युत्तर दिले आणि त्याची किंमत म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये पद गमावले. संचालक गेला, पण मोजणी थांबली नाही, आकडे खुले राहिले आणि जगाने ते वाचले. शास्त्रज्ञाचा कणा कसा असावा, याचे हे उदाहरण प्रत्येक मोजणी-कार्यालयाच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे.

आता आपल्या दारात पाहू. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टरहून मोठ्या ज्या भूमीवर वृक्षांचे छत्र दहा टक्क्यांहून अधिक आहे, ती भूमी कोणाच्याही मालकीची असो, तिच्यावर कोणतेही झाड असो, ते ‘वनाच्छादन’. आंब्याची बाग वनाच्छादन, रबराचा मळा वनाच्छादन, आणि शतकांचे सदाहरित अरण्यही वनाच्छादन! सिंधुदुर्गातील दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात, जेथे वाघ-हत्तींचा वावर असलेले जंगल कापून रबराचे मळे उभे राहिले, जेथे वृक्षतोडीवर बंदी घालण्यासाठी उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला, तेथे मळ्याचे छत्र एकदा दाटले की उपग्रहाच्या नकाशात काहीच बिघडलेले दिसत नाही. २०२१ च्या अहवालाने देशाचे वनाच्छादन १,५४० चौरस किलोमीटरने वाढल्याचे सांगितले आणि त्याचा डंका पिटला गेला. त्याच अहवालाच्या आतल्या पानांत मध्यम घनतेचे जंगल १,५८२ चौरस किलोमीटरने घटल्याची आणि विरळ जंगल २,६२१ चौरस किलोमीटरने वाढल्याची नोंद होती. मध्यम घनतेचे जंगल घटत होते, आणि मथळा वाढीचा होता.

हा केवळ आकडेशास्त्राचा वाद नाही. २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सामावेल इतके अतिरिक्त वृक्षाच्छादन उभारण्याचे वचन भारताने पॅरिस करारात जगाला दिले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २००५ च्या तुलनेत त्यातले २.२९ अब्ज टन साध्यही झाले आहेत. यांत पुन्हा वाढलेले नैसर्गिक जंगल किती, फळबागा किती, निलगिरी-सुरूच्या लागवडी किती, याची वेगळी फोड जनतेपुढे यायला हवी. ज्या नकाशांवरून हा दावा केला जातो, त्यांचे मूळ थर कोणालाही सहज, विनामूल्य उघडून तपासता यायला हवेत. ब्राझील हे करू शकतो. भारत का करत नाही?

आणि या साऱ्या अन्यायाचा सर्वांत विदारक भाग आमच्या गडचिरोलीत उभा आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक असलेल्या मेंढा-लेखाने आणि त्याच्या मागोमाग हक्क मिळवलेल्या ग्रामसभांनी आपली जंगले कागदी घोडे नाचवून नव्हे, ग्रामसभेत एकत्र बसून, नियम करून, पहारा देऊन राखली. ज्या जंगलाची तोड त्यांनी आधीच थांबवली, त्याची बेसलाइन जवळजवळ शून्य. शून्यातून वजा काय करणार आणि विकणार काय? जो कुऱ्हाड उगारून ‘मी तोडणार होतो’ म्हणतो, त्याच्यासाठी या बाजारात पैसा आहे. ज्याने कधी कुऱ्हाड उगारलीच नाही, त्याच्यासाठी दमडीही नाही. आदिवासीच्या संयमाला शून्य मोल आणि कंत्राटदाराच्या कल्पित विध्वंसाला डॉलर, अशी ही नीती आहे. पेरूमध्ये कॉर्डिलेरा अझूल राष्ट्रीय उद्यानाच्या क्रेडिटविषयी किचवा समुदायांनी अन्यायाचा असाच टाहो फोडला: भूमी पूर्वजांची, संमती कोणी विचारली नाही, करार भलत्यांनीच केले. उद्या कार्बन कंपन्यांचे प्रतिनिधी कोरची-धानोऱ्याच्या ग्रामसभांपुढे इंग्रजी करारनामे घेऊन बसतील, तेव्हा आमच्या गावांची गत वेगळी होईल, याची हमी आज शासनातला कोणीही देऊ शकत नाही.

तेव्हा वन सर्वेक्षण संस्थेने आपले नकाशे त्यांच्या त्रुटींच्या मर्यादेसह खुले करावेत आणि लागवडींची गणना नैसर्गिक जंगलापासून वेगळी करावी. राज्याच्या वनविभागाने ग्रामसभांना त्यांच्या जंगलाची मोजणी करण्याचे शिक्षण व साधने द्यावीत, आणि बेसलाइन म्हणजे काय हे माडिया, गोंडी व मराठीत समजावून सांगितल्याखेरीज एकाही वनहक्काच्या जमिनीवर कार्बनचा करार वैध मानू नये. ज्या कंपन्यांनी फुगवलेली क्रेडिट विकली, त्यांनी ती भरून द्यावीत. ज्यांनी घेतली, त्यांनी तटस्थतेची जाहिरात मागे घ्यावी. आणि वाचकहो, कोणतीही कंपनी आपला धूर जंगलाने धुऊन काढल्याचे सांगेल, तेव्हा तिला एवढेच विचारा: बेसलाइन कोणी मोजली, आणि तो हिशेब कोठे पाहायला मिळेल? उत्तर मिळेपर्यंत तिचा दावा खोटा समजा.