पाळत हवी, पण हिशेबासह

“फोनवर नको, भेटल्यावर बोलू.” हे वाक्य हल्ली आपल्या घरांत सर्रास ऐकू येते. बोलायचे असते मुलीच्या स्थळाबद्दल, जमिनीच्या वाटणीबद्दल, नाहीतर मदरशाच्या वर्गणीबद्दल. गैर त्यात काहीच नसते, तरी आवाज खाली येतो. शाळेतली मोठ्या वर्गांतली मुलेही आम्हाला विचारतात, “आपला फोन खरेच कोणी ऐकू शकते का? कायद्यात तसे आहे का?” याला “घाबरू नका” हे उत्तर पुरत नाही आणि “जपून राहा” हेही पुरत नाही. कायदा काय म्हणतो ते आधी नीट समजून घेऊ.

सरकारची बाजू प्रथम. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्याच्या नमाजनंतर मालेगावात स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. स्फोट करणारा मरणाऱ्याचे नाव विचारत नाही. अशांना आधीच गाठायचे तर संशयिताचे बोलणे ऐकावे लागते, हे आपणही मान्य केले पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हल्लेखोर आणि त्यांचे पाकिस्तानातले सूत्रधार यांचे फोन पोलिसांनी हल्ला चालू असतानाच ऐकले. तेच संभाषण पुढे खटल्यात महत्त्वाचा पुरावा ठरले.

दुसरी बाजूही मालेगावचीच आहे. २००६ च्या त्या स्फोटांसाठी आधी नऊ मुस्लिमांना धरले गेले आणि त्यांच्यावर मोक्का लावला गेला. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेचा तपास दुसऱ्याच लोकांकडे वळला. बहुतेकांना जामीन मिळायला २०११ साल उजाडले आणि विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले ते एप्रिल २०१६ मध्ये. तोवर त्यांच्यातला एक जण मरण पावला होता. चुकीच्या माणसावर नजर रोखली की निरपराधाची वर्षे जातात आणि खऱ्या गुन्हेगाराला वेळ मिळतो. म्हणून तपास अचूक असणे ही आपलीही गरज आहे आणि देशाचीही.

आता कायद्याकडे येऊ. फोन ऐकण्याचा अधिकार आपल्याकडे इंग्रजांच्या १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापासून आहे. त्यात अट होती की सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा लोकांच्या सुरक्षेसाठी गरज असेल तरच हा अधिकार वापरावा. डिसेंबर १९९६ मध्ये ‘पीयूसीएल’ या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याला शिस्त घालून दिली. तीच शिस्त २००७ च्या नियमांत आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखाली आलेल्या नियमांतही तिचा साचा कायम आहे. परवानगी केंद्रात किंवा राज्यात गृहसचिवांनी लेखी द्यायची. एक आदेश ६० दिवस चालतो. मुदत वाढवली तरी एकूण १८० दिवसांच्या पुढे जाता येत नाही. तातडीच्या वेळी वरिष्ठ पोलीस अधिकारी आधी आदेश देऊ शकतो, पण सात कामकाजी दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर ऐकणे थांबवावे लागते. या आदेशांची तपासणी एक समिती करते. केंद्रात तिचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव असतात, तर राज्यात मुख्य सचिव.

कागदावर हे बरे दिसते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. परवानगी मागणारे सरकारी, देणारे सरकारी आणि तपासणारेही सरकारी. आमच्या शाळेत मुलाने स्वतः लिहिलेला पेपर स्वतःच तपासला तर त्या गुणांना कोणी मानेल का? या साखळीत कुठेही न्यायाधीश नाही. शिवाय ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवले जात नाही. ज्याच्यावर खटला भरला जातो त्याला निदान कोर्टात कळते. ज्याच्याविरुद्ध काहीच सापडले नाही त्याला मात्र आयुष्यभर कळत नाही.

कोर्टापर्यंत गोष्ट पोचली की काय होते, याचे उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाचेच आहे. २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणात फोन ऐकण्याचे तीन आदेश न्यायालयाने रद्द केले. आणीबाणी नव्हती, लोकांच्या सुरक्षेचा प्रश्नही नव्हता, मग हा अधिकार वापरलाच कसा, असा न्यायालयाचा सवाल होता. ते रेकॉर्डिंग नष्ट करण्याचा हुकूमही झाला. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले होते की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा.

बाहेरच्या देशांनी काय केले? ब्रिटनने २०१६ च्या कायद्यात दोन कुलपे ठेवली. मंत्र्याने परवानगी दिली तरी न्यायिक आयुक्ताची मंजुरी लागते. किती परवाने दिले आणि कुठे चुका झाल्या याचा वार्षिक अहवालही छापला जातो. दहशतवादाचा धोका ब्रिटनलाही आहे, आणि या दोन कुलपांसह तिथले तपास चालू आहेत.

अमेरिकेचा अनुभव तर आपण मुद्दाम वाचावा असा आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्क पोलिसांच्या एका विभागाने मशिदी, मुस्लिमांची हॉटेले आणि दुकाने यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली. कोण कुठे बसतो, काय बोलतो याच्या नोंदी केल्या. त्याच पोलीस दलाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१२ मध्ये शपथेवर सांगितले की २००६ पासूनच्या आपल्या काळात या नोंदींतून तपासाचा एकही धागा मिळाला नाही. २०१४ मध्ये तो विभाग बंद झाला. सगळ्या देशाच्या फोनच्या नोंदी गोळा करण्याची योजना तिथे होती. तिचीही तीच गत झाली. सरकारनेच नेमलेल्या मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये लिहिले की या योजनेमुळे दहशतवादाच्या तपासात ठोस फरक पडल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. २०१५ मध्ये कायदा करून ती थांबवण्यात आली. अख्ख्या मोहल्ल्यावर पाळत ठेवली तर कागदांचे ढीग वाढतात. एका ठराविक माणसावर ठोस कारणाने ठेवली तर गुन्हेगार हाती लागतो.

“लपवायचे काही नसेल तर भीती कसली?” असे काही जण म्हणतात. आजाराबद्दल डॉक्टरांशी झालेले बोलणे, तलाकच्या दाव्याबद्दल वकिलाशी झालेले बोलणे, पत्रकाराला भ्रष्टाचाराची खबर देणाऱ्याचे नाव, यातले काहीच गुन्हा नाही. तरी ते चव्हाट्यावर यावे असे कोणाला वाटेल? परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये ही सूरह नूरची शिकवण आहे, आणि सूरह हुजुरातने तजस्सुसला, म्हणजे दुसऱ्याची गुपिते हुडकण्याला, मनाई केली आहे. बायकोचा किंवा तरण्या मुलीचा फोन चोरून तपासणाऱ्या घरांनीही हे स्वतःला विचारून पाहावे.

मग आपण करायचे काय? पहिले म्हणजे, कायदेशीर गोष्ट कायदेशीर माणसासारखी मोकळेपणाने बोला. कुजबुजीने संशय कमी होत नाही, मुलांच्या मनात मात्र आपणच गुन्हेगार असल्याची भावना रुजते. त्याबरोबर मुलांना हेही बजावा की कोणी भडकाऊ मजकूर पाठवला तर तो पुढे ढकलायचा नाही.

दुसरे म्हणजे, दुर्दैवाने घरातल्या कोणावर असा खटला आलाच, तर वकिलांना एक गोष्ट जरूर विचारा. ‘यूएपीए’ आणि मोक्का या दोन्ही कायद्यांनुसार फोनवरचे संभाषण पुरावा म्हणून आणायचे असेल तर ते ऐकण्याच्या आदेशाची प्रत आरोपीला खटल्याच्या किमान दहा दिवस आधी द्यावी लागते. ही मुदत शिथिल करायची असेल तर ते न्यायाधीशाने ठरवायचे असते. ती प्रत मिळाली का, आदेश कोणी दिला, मुदत पाळली का, हे तपासून घ्या.

तिसरे, मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला तीन मागण्या सांगा. फोन ऐकण्याच्या परवानगीत न्यायाधीश असावा. दरवर्षी किती आदेश दिले याचा आकडा विधिमंडळात आणि संसदेत मांडावा. ज्याच्याविरुद्ध काही निघाले नाही त्याला ठराविक काळानंतर कळवावे. या मागण्या मुस्लिमांपुरत्या नाहीत. शेतकरी नेता, पत्रकार, विरोधी पक्षाचा आमदार, शेजारचे काका, या सगळ्यांचे फोन याच नियमांखाली येतात. म्हणून या कामात शेजाऱ्यांनाही सोबत घ्या. हा विषय चार घरांतल्या चर्चेतून पुढे गेला तरच लोकप्रतिनिधींच्या कानावर पडेल.